उत्तम क्षमा आणि एक चित्रपट

१९८३ साली शाळेने आम्हां मुलांना कोल्हापूरच्या एका चित्रपटगृहात नेऊन रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ दाखविला. त्यातील वेशभूषेसाठी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळाले, याचा गावाला कोण अभिमान होता! धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रही हात न उगारता लाठ्या झेलीत पुढे जातात, तो प्रसंग पाहून आम्ही रडलो. अहिंसा म्हणजे मार सोसणे, एवढाच अर्थ त्या वयात मनात राहिला.

गेल्या दशलक्षण पर्वात मुलीबरोबर हा चित्रपट घरी पुन्हा पाहिला. गांधीजींची हत्या आणि अंत्ययात्रा दाखवून कथा मागे जाते, ती थेट १८९३ च्या दक्षिण आफ्रिकेत. त्यामुळे विलायतेला जाण्यापूर्वी ज्यांच्यासमक्ष मोहनदासांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याचे व्रत घेतले, ते जैन साधू बेचरजी स्वामी त्यात नाहीत. १८९१ साली मुंबईत भेटलेले आणि पुढे आध्यात्मिक पेचांत आधार ठरलेले श्रीमद् राजचंद्रही नाहीत. क्षणभर खंत वाटली. पण पुढील दोन प्रसंगांनी ती पुसून टाकली.

पहिला चौरीचौराचा. फेब्रुवारी १९२२ मध्ये जमावाने पोलिसांना ठार मारले, तेव्हा ऐन भरात आलेले असहकार आंदोलन गांधीजींनी थांबविले आणि स्वतः उपवास केला. सहकारी नाराज झाले. पण अनुयायांचा दोष नेत्याने आपल्या माथी घेतला. आपल्याकडे उपवास हे बाह्य तप, तर प्रायश्चित्त हे अभ्यंतर तपांतील पहिले. बाह्य तपामागे अभ्यंतर तप उभे असले, म्हणजे उपवासाला केवढे बळ येते, ते येथे दिसते.

दुसरा प्रसंग १९४७ च्या कलकत्त्याचा. गांधीजी उपोषणाने क्षीण होऊन पडले आहेत. ओम पुरी यांनी साकारलेला एक हिंदू दंगलखोर येऊन त्यांच्या अंगावर भाकरी फेकतो. त्याचा मुलगा मुसलमानांनी मारला आहे आणि त्याने एका मुसलमान मुलाला भिंतीवर आपटून मारले आहे. नरकातून सुटण्याचा मार्ग गांधीजी त्याला सांगतात : आईबाप गमावलेले एखादे मूल घरी आण, पोटच्या पोरासारखे वाढव, मात्र ते मुसलमानाचे असू दे आणि त्याला मुसलमान म्हणूनच वाढव.

मुलीने विचारले, “बाबा, नुसती क्षमा मागून भागलं नसतं का?”

मला उत्तर देता येईना. माझा थोरला चुलतभाऊ आणि मी, आमच्यात शेताच्या बांधावरून बारा वर्षे दावा चालू होता. अर्ध्या गुंठ्याचा वाद! दरवर्षी पर्वाच्या पहिल्या दिवशी मी मंदिरात उत्तम क्षमेवरील प्रवचन ऐकत असे. क्षमावाणीच्या दिवशी शेकडो जणांना संदेश पाठवीत असे. त्या यादीत दादांचे नाव नसे. ज्यांचा मी काहीही अपराध केला नव्हता, त्यांची क्षमा मागणे फार सोपे होते. त्या दंगलखोराला सांगितलेले प्रायश्चित्त अवघड होते, कारण ते त्याच्या द्वेषाच्या नेमक्या ठिकाणी बोट ठेवीत होते. समोरच्याला आपल्यासारखा करून नव्हे, तर तो जसा आहे तसा जवळ करायचा होता. अनेकांतावर मी मंडळात दोनदा बोललो आहे. पण दादांची बाजू एकदाही ऐकून घेतली नव्हती.

यंदा क्षमावाणीच्या दिवशी मी संदेश पाठविले नाहीत. दुपारी गावी गेलो. दावा मागे घेत असल्याचे दादांना सांगितले आणि हात जोडले. वडिलांच्या आजारपणात मी एक शब्द वावगा बोललो होतो, तो त्यांनी मला आठवून दिला. मी विसरलो होतो; ते विसरले नव्हते. मी मान खाली घालून ऐकले. बराच वेळ कोणीच बोलले नाही.

मग मावळतीकडे पाहत दादा म्हणाले, “दिवस बुडायच्या आत जेवून घे.”