उतारवयातील बिऱ्हाड

आपल्याकडे वानप्रस्थ म्हटला की घर सोडणे आले. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन पंथाने त्याची निराळीच तऱ्हा काढली आहे. निवृत्त जोडपी स्वखर्चाने परदेशी जातात व ६ ते २३ महिने मिशनकार्य करतात. दारोदार हिंडून उपदेश करावा तो तरुणांनी. यांच्या वाट्यास कचेरीतील कागदपत्रे, वंशावळींचे जतन, मदतकार्य अशी निमूट कामे येतात. गंमत अशी, की अठरा वर्षांच्या पोरालाही तेथे ‘एल्डर’, म्हणजे वडील, अशी पदवी असते! खरे वडील कोण, ते सणाला कळते. २०१९ पर्यंत या तरुणांना नाताळ व मातृदिन, एवढ्याच दिवशी घरी दूरध्वनी करण्याची मुभा होती. नोव्हेंबरातील चौथा गुरुवार हा त्यांचा आभारदिन. परमुलखात तो साधा कामाचा वार. अशा वेळी स्वतःची नातवंडे समुद्रापार ठेवून आलेली वृद्ध गृहिणी मिळेल त्या सामग्रीवर पंगत मांडते आणि दुसऱ्यांची मुले जेवू घालते.

त्यांचे धर्ममत मला पटतेच असे नाही; परंतु निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मला एवढे खचित वाटते, की घर सोडणे एक वेळ सोपे; जाऊ तेथे ते दुसऱ्यासाठी थाटणे, हे अधिक कठीण व्रत होय.