चुनखडीचा रकाना

‘माती परीक्षणावर लिहा, पण सोपं लिहा,’ असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या पूर्वेला एका द्राक्षबागेत, छातीएवढ्या खड्ड्यात उभा होतो. बाग म्हणायचं ते सवयीने. वेली उपटून बांधावर टाकल्या होत्या. खड्ड्याच्या भिंतीत दीड फुटाखाली हरभऱ्याएवढे पांढुरके खडे दिसत होते. त्यावर सौम्य आम्लाचे दोन थेंब सोडले, तर माती सोडा फुटावा तशी फसफसली. मालक शांतपणे म्हणाले, ‘‘साहेब, हे लागवडीआधी का नाही केलं?’’

लागवडीआधीचा रिपोर्ट माझ्याच सहीचा होता. सामू 8.3, क्षारता ठीक, सेंद्रिय कर्ब कमी, लोह पुरेसं. एकही आकडा चुकलेला नव्हता.

आमच्याकडे लोक रिपोर्ट हातात घेऊन विचारतात, ‘‘माती पास का नापास?’’ नमुना आणतात तो युरियाच्या गोणीत, तोही उकिरड्याशेजारचा, आणि नत्र जास्त दिसलं की खूश होतात. दुसरा समज मोबाइलवरून आलेला : रासायनिक खतांनी आपली जमीन आम्लधर्मी झाली, चुना टाका. अहो, नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत चुना आधीच इतका आहे, की ती आंबट व्हायची म्हटली तरी होणार नाही. आंबट माती बघायची तर आहुप्याला नाहीतर नाणेघाटाकडे जा. दगड तोच, काळा बसाल्ट. पण तिथला धो धो पाऊस चुना धुऊन नेतो आणि मागे तांबडी माती उरते. तिथली जुनी माणसं भाताच्या रोपांसाठी राब भाजतात. त्या राखेतून पालाश मिळतं आणि आंबटपणाही थोडा मारला जातो. पूर्वेकडे पाऊस कमी, म्हणून चुना जागच्या जागी साचून राहतो. एकेका तालुक्याची ही दोन टोकं. स्फुरद मोजायला पूर्वेच्या मातीला ओल्सेनची रीत लागते, पश्चिमेच्या आंबट मातीला ब्रेची. रीत चुकली की आकडा नुसता शोभेचा. असो, सोपं लिहायचंय.

आता जिप्समविषयी. यावर मी घरीही बोलतो, म्हणून घरचे मला टाळतात. सामू आठाच्या वर दिसला की दुकानदार जिप्सम लिहून देतो. जिप्सम हे औषध चोपण जमिनीचं. तिथे मातीला सोडियम चिकटलेला असतो, जिप्सममधलं कॅल्शियम त्याला हुसकावतं आणि मग तो पाण्याबरोबर निचरून जातो. चुनखडीच्या जमिनीत मुळात कॅल्शियमच जास्त. हुसकावणार कोणाला? मग कोणी गंधक सुचवतं, एकरी 10-20 किलो. गणित करा. एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात साधारण 9 लाख किलो माती असते. त्यात 10 टक्के चुनखडी म्हणजे 90 टन. ती सगळी मारायला सुमारे 29 टन गंधक लागेल. गंधक वाया जातं असं मी म्हणत नाही. मुळांजवळ शेणखतात कालवून दिलं तर तेवढ्या जागी फरक पडतो. पण ‘सामू उतरवतो’ म्हणून बाटल्या विकणाऱ्यांना हे गणित एकदा विचारून पाहा.

त्या बागेत हेच झालं. कोवळी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह होतं, पण चुन्यामुळे वेलीला ते वापरता येत नव्हतं. मालकांनी जिप्समच्या दोन ट्रॉल्या ओतल्या. स्वस्तातलं ईडीटीए चिलेट सोडलं, ते अशा जमिनीत टिकत नाही. टिकतं ते ईडीडीएचए, पण महाग. चुनखडी आधी कळली असती तर दुसरा खुंट निवडता आला असता, किंवा द्राक्षंच नको म्हणता आलं असतं.

मग रिपोर्टात चुनखडी का नव्हती? 2015 साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा रकाने आहेत : सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. देशभरासाठी केलेली यादी आहे, तिला नावं ठेवत नाही. पण त्यात मुक्त चुनखडी नाही, आणि पूर्वेकडच्या फळबागेसाठी मी आधी तीच पाहीन. मालकांनी ती तपासणी मागितली नव्हती, वेगळे पैसे भरले नव्हते, म्हणून मीही केली नाही. आम्लाची बाटली माझ्या टेबलावरच होती. हे कुठल्या नियमात बसतं ते मला सांगता येईल. मालकांना ते मला सांगता आलं नाही.

तेव्हा फळबाग लावायची असेल तर खड्डा तीन फूट घ्या. फूट-फूट थराची माती वेगळी काढून सावलीत वाळवा आणि अर्धा-अर्धा किलो स्वच्छ कापडी पिशव्यांत आणा. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, पीक लिहाल, त्याखाली ‘चुनखडी तपासा’ हेही लिहा. आणि गोणी युरियाची नको.