नव्वद ग्रॅमचा फरक

घरातला एक माणूस लष्करात गेला, की कवायत मात्र सगळ्या घराची सुरू होते. हे मी ऐकीव सांगत नाही. २०२३ साली माझा पुतण्या अग्निवीर म्हणून भरती झाला, बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात दाखल झाला, आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात पार्सल खात्याची स्थापना झाली. खातेप्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. कारण काय, तर मी बँकेत आहे. बँकेतल्या माणसाला पोस्टातलं कळतं, असा आमच्या आईचा समज आहे. दोन्हीकडे रांग असते, एवढाच तिचा पुरावा.

तसं बेळगाव काही लांब नाही. कागल, निपाणी, संकेश्वर करत एसटीनं जायचं, शे-सव्वाशे किलोमीटर. पण ट्रेनिंग एकतीस आठवड्यांचं, आणि मनात आलं म्हणून उठून पोराला भेटून यायची सोय नाही. म्हणून पार्सल.

"बूट, कपडे, अंथरूण, जेवण, सगळं सरकार देतं," मी घरात समजावून सांगितलं.

"सरकार भडंग देतंय का?" आईनं विचारलं.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या तासाभरात सरकारला न जमणाऱ्या गोष्टींची यादीच तयार झाली. भडंग, कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याचे लाडू. वहिनींनी मोजे आणि बनियन आणले. आमच्या सौभाग्यवतींनी सुई-दोरा आणि बटणं दिली. शेजारच्या काकू अंबाबाईचं कुंकू घेऊन आल्या. तालमीतल्या पोरांनी बदाम दिले आणि ते त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत, असं माझ्याकडे रोखून बघत सांगितलं.

दादा तेवढा लांब बसून पेपर वाचत होता. पोरानं बी.कॉम. करावं, बँकेच्या परीक्षा द्याव्यात, अशी त्याची इच्छा. (माझ्याकडे रोज बघूनही त्याची ही इच्छा कशी टिकली, हे मला न उलगडलेलं कोडं आहे.) २०२२ साली योजना जाहीर झाली तेव्हापासून त्याचा एकच सवाल होता. "चार वर्षांनी शंभरातले पंचवीस ठेवणार. बाकीचे पंचाहत्तर घरी. माझं पोरगं कुठल्या ढिगात?" मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. पहिल्या वर्षी पगार तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत कापून जाणार, तेवढेच सरकार घालणार, शेवटी व्याजासकट ११ लाख ७१ हजार. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. पण बापाची काळजी कुठल्याच व्याजदरात बसत नाही. पोरगं निघालं त्या दिवशी दादा त्याच्याशी बोलला नाही. रविवारी त्याचा पाच मिनिटांचा फोन यायचा, तेव्हा दादा हटकून तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा.

त्या दिवशी मात्र पेपराआडून आवाज आला. "याच रेजिमेंटचे यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यांना कुणी भडंग पाठवलं होतं?"

"त्यांच्या आईनं पाठवलं नसंल कशावरून?" आई म्हणाली. "पोचलं नसंल."

घाडगे तिथंच पडले, हे दादाला माहीत होतं. तो काही बोलला नाही. पेपरही पुढे वाचला नाही.

पहिल्या पार्सलात चटणीच्या बरणीनं दगा दिला. तेल नव्या मोज्यांत मुरलं. उस्तादांनी नुसत्या वासावर "कोल्हापूर का रे?" असं विचारलं म्हणे. बराकीत चटणीचे वारसही बरेच निघाले. साताऱ्याच्या एकानं निम्मी बरणी संपवून मग आपल्या घरची जास्त चांगली असते, असं मत दिलं.

दुसऱ्या पार्सलाला मी बँकेची शिस्त लावली. प्रत्येक जिन्नस कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर तोलला, वजनं यादीत लिहिली. रात्री सगळा खोका तोलला, चार किलो तीनशे दहा ग्रॅम. खोका माजघरात ठेवला. सकाळी चिकटपट्टी मारली, वरून कापड शिवून घेतलं, वजनात तेही धरलं. पोस्टातल्या काट्यावर ठेवला, तर आकडा नव्वद ग्रॅमनं जास्त!

ज्यानं वीस वर्षं रोज संध्याकाळी कॅश जुळवली आहे, त्यालाच नव्वद ग्रॅम म्हणजे काय ते कळेल. मी यादी तीनदा तपासली. "काटा बरोबर आहे ना?" खिडकीतल्या बाईंना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मागचा माणूस म्हणाला, "अहो, पाठवा की! बेळगावलाच जातंय ना, लंडनला नाही." मी पाठवलं. पण आठ दिवस जेवण गोड लागलं नाही.

नवव्या दिवशी पोस्टमन एक पोस्टकार्ड टाकून गेला. साधं, पन्नास पैशांचं. पत्त्याच्या जागी दादाचं नाव, आणि अक्षरही दादाचंच! मी चक्रावलो. उलटून बघितलं, तर मागे पुतण्याचं अक्षर. 'तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि. तुम्ही घातलेली कार्डं मिळाली…'

दादानं रात्री उठून खोक्यात पंचवीस कोरी पोस्टकार्डं सरकवली होती. सगळ्यांवर स्वतःच्या हातानं घरचा पत्ता लिहून, वर एक पेन. चिठ्ठी नाही, काही नाही. सगळा खर्च साडेबारा रुपये आणि पेन. मी कार्ड टेबलावर पालथं ठेवलं आणि माझ्या खोलीत गेलो. संध्याकाळी दादा आला. बराच वेळ घरात कसलाच आवाज नव्हता. मग तो आईला म्हणाला, "चटणी जरा जास्त करा म्हणावं. तिथं खाणारे पुष्कळ आहेत."

ट्रेनिंग संपलं. आता पार्सल '५६ एपीओ' या पत्त्यावर जातं. "हे गाव कुठं आलं?" आई दर वेळी विचारते, आणि मी दर वेळी "वरच्या अंगाला" असं सांगतो.

पार्सलाची यादी अजून मीच करतो. शेवटी एक ओळ न विचारता लिहून टाकतो. 'किरकोळ, ९० ग्रॅम.'

तेव्हापासून काटा जुळतो.