यकृतातले खडे



पित्ताशय काढलं की पित्ताचे खडे संपले, असंच आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं ना? माझ्या मोठ्या बहिणीचं पित्ताशय चार वर्षांपूर्वी काढलं होतं. तरीही अधूनमधून थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि डोळे पिवळे. कोणी म्हणे कावीळ उतरवून घ्या, कोणी म्हणे कुळथाचं कढण प्या. (कुळीथ मुतखड्यासाठी सांगतात, इथे मूत्रपिंडाचा संबंधच नाही!) शेवटी एमआरआय केल्यावर कळलं, खडे यकृताच्या आतच आहेत, डाव्या बाजूच्या पित्तनलिकांमध्ये.

परिसर अभ्यासाच्या तासाला सांगतो तसं सांगते. ओहोळ ओढ्याला आणि ओढा नदीला मिळतो, तशा यकृतातल्या बारीक नलिका एकत्र येऊन पित्त आतड्याकडे नेतात. पित्ताशय म्हणजे नदीकाठचं शेततळं. तळं बुजवलं म्हणून वरच्या ओहोळातला गाळ थोडाच जातो? नलिका कुठे अरुंद झाली की पित्त साचतं, त्यात जंतू वाढतात, मऊ तपकिरी खडे होतात आणि वाट आणखी अडते. चीन, तैवान, कोरियाकडे हा आजार जास्त. काश्मीरमध्ये पोटातले जंत पित्तनलिकेत शिरल्याचे बरेच रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत. आपण शाळेत अल्बेंडाझोलची गोळी चघळायला लावतो ती याच जंतांसाठी, आणि पोरं नेमकी तीच जिभेखाली लपवतात!

आता ऑपरेशन. भावजींचा एकच हेका, "दुर्बिणीने खडे काढा, लिव्हर कशाला कापता?" डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नुसते खडे काढले तर अरुंद जागा तशीच राहते, तिथे पुन्हा खडे होतात. वर्षानुवर्षं सुजलेल्या नलिकेत कॅन्सरचाही धोका असतो. यकृताचे आठ भाग मानतात. ताईचे डावीकडचे दुसरा आणि तिसरा हे भाग आक्रसून निकामी झाले होते. आधी अँटिबायोटिकने ताप आटोक्यात आणला, मग तेवढा तुकडा काढला. त्याच वेळी मुख्य नलिकेत बारीक दुर्बीण घालून उरलेले खडे शोधले आणि टी आकाराची रबरी नळी पोटाबाहेर काढून ठेवली. काही आठवड्यांनी त्या नळीतून औषध सोडून एक्स-रे काढला, वाट मोकळी दिसली, मग नळी काढली.

हे सगळ्यांना जमतं असं नाही हं. खडे दोन्ही बाजूंना पसरले असतील तर सगळं कापता येत नाही. मग दुर्बिणीने थोडे थोडे काढावे लागतात.

भाच्याने विचारलं, "मावशी, लिव्हर परत उगवतं ना?" कापलेला तुकडा पुन्हा फुटत नाही, उरलेला भाग मोठा होऊन काम सांभाळतो. खडे मात्र पुन्हा होऊ शकतात, म्हणून ठराविक काळाने सोनोग्राफी. पुढची दिवाळीच्या सुट्टीत आहे, मी सोबत जाणार आहे. आणि थंडी-ताप, पिवळे डोळे एकत्र दिसले तर त्याच दिवशी दवाखाना, हे भावजींनी आता फ्रिजवर लिहून ठेवलंय.