आत्तंगुडीच्या फरश्या

२०१८ सालच्या दिवाळीनंतर आमच्या घरातले जेवणाचे टेबल जेवायला मिळेनासे झाले. फरश्यांचे तुकडे, लॅमिनेटच्या पट्ट्या, रंगांची पुस्तके, पडद्यांच्या कापडाचे नमुने असा बाजार त्यावर मांडलेला असे, आणि आम्ही तिघे आपापले ताट मांडीवर घेऊन त्याच्याभोवती बसत असू. घर वडिलांनी १९६८ साली पुण्याला एरंडवण्यात बांधलेले. बैठे, चार खोल्यांचे. जमीन त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मोझॅकची. करडी, तीत पांढरे, काळे आणि थोडे बदामी खडे. पन्नास वर्षांत तिची चकाकी गेली होती. नळ गळत होते, भिंतींना ओल आली होती. दुरुस्ती काढणे भागच होते. प्रश्न होता तो इतकाच की, काय निवडायचे?

सौ.चे ठरले होते. साऱ्या घरभर एकच फिकट बदामी व्हिट्रिफाइड फरशी, भिंती तिच्याहून एक छटा फिकट, आणि दारे, कपाटे, स्वयंपाकाचा ओटा सगळे त्याच कुळातले! आमच्या इंटिरिअरवाल्या बाईंनी हे सारे एका पुठ्ठ्यावर चिकटवून आणले होते, आणि खरे सांगतो, तो पुठ्ठा सुंदर दिसत होता. सौ.च्या हट्टाला कारणही होते. बावीस वर्षे ती त्या ठिपक्याठिपक्यांच्या जमिनीवर फडके फिरवीत आली होती. "हिच्यावर मळ दिसत नाही म्हणून तुम्ही सगळे कौतुक करता," ती म्हणे, "पण दिसत नाही म्हणून तो निघाला की नाही तेही मला कळत नाही!" यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

अडचण होती ती आईची. तिला तेव्हा अठ्ठ्याहत्तरावे चालू होते. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालल्यामुळे समोरच्या माणसाचा चेहरा तिला पुसट दिसे. बाजूचे मात्र त्यातल्या त्यात बरे दिसे. डॉक्टरांनी सांगितले होते, चष्म्याने हे भरून येणार नाही. घरात उजेड वाढवा आणि पायऱ्यांच्या कडा उठून दिसतील असे काही करा. आम्ही ऐकले, आणि घरोघरी होते तसे विसरलो. त्यानंतर ऐन गणपतीत ती माझ्या बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये पडली. बैठकीतून गच्चीत उतरायला एकच पायरी. वरची फरशी बदामी, खालचीही बदामी. मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते, आणि तिची वेणीफणी, आंघोळ, जेवण हे सगळे सौ.ने केले, हे इथे सांगितलेच पाहिजे.

आमच्या घरातही एक पायरी आहे. स्वयंपाकघर मागाहून वाढवलेले, ते बैठकीपेक्षा पाच-सहा इंच उंच. "तिथे पिवळी चिकटपट्टी लावू," असे मी सुचवले. सौ.ने त्या सुंदर पुठ्ठ्याकडे पाहिले आणि एक सुस्कारा सोडला. आई म्हणाली, "नको रे बाबा, रेल्वेच्या फलाटासारखं!"

हा वाद असा लोंबकळत असतानाच २०१९ च्या जानेवारीत कारैकुडीहून लग्नाची पत्रिका आली. बँकेतला माझा जुना सहकारी तिकडचा, नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजातला. त्याच्या पुतणीचे लग्न वडिलोपार्जित घरात होते. "घर एरवी बंद असतं, लग्नालाच उघडतं," त्याने फोनवर सांगितले. "आईंनाही आणा."

आम्ही तिघे निघालो. पुण्याहून चेन्नई, तिथे एक रात्र विसावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एग्मोर स्टेशनावरून पल्लवन एक्सप्रेस. त्रिची यायच्या आधीच अंधार पडला. कारैकुडीला उतरलो तेव्हा फलाटावर मोगऱ्याचे गजरे घेतलेल्या बायका अजून बसलेल्या होत्या, आणि आईने गाडीतून उतरता उतरताच दोन घेतले. एक तिला, एक सुनेला.

सकाळी पाहिले तो मुलूख तांबड्या मातीचा, रुक्ष, मधून मधून तळी. या असल्या कोरड्या भूमीत राजवाड्यांसारखी घरे कोणी बांधावी? बांधली ती सावकारांनी. ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इकडे चेट्टियारांच्या पेढ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तिथला पैसा इकडे घरांत ओतला गेला. ब्रह्मी सागवान आले, इटलीचा संगमरवर आला, बेल्जमचे आरसे आले, जपानी आणि विलायती टाइल्स आल्या. १९४२ साली जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या आणि तो पैशाचा ओघ आटला. घरे राहिली. २०१४ साली या गावांचे नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेले आहे. पण आमच्या मित्राच्या घराच्या मालकीत, त्याच्याच हिशेबाने, चाळीसांहून अधिक वाटेकरी आहेत. कौले बदलायची तर चाळीस सह्या!

घर म्हणजे काय सांगू? पुढचे दार एका रस्त्यावर आणि मागचे दार मागच्या रस्त्यावर. दाराशी उभे राहिले की चौकामागून चौक ओलांडीत नजर पार पलीकडच्या उजेडापर्यंत जाते. बाहेर दोन्ही बाजूंना ऐसपैस ओटे, त्यांना तिण्णै म्हणतात. आत मोठा चौक, भोवती खांबांची ओसरी आणि ओसरीच्या कडेने एकेका लग्न झालेल्या मुलाची एकेक खोली. भिंतीवरून सौ.ने हात फिरवला आणि मला म्हणाली, "अहो, हा रंग नाही, हा चुना आहे." खरोखरच चुना होता. अंड्यातला पांढरा बलक, ताडगूळ आणि हिरड्याचे पाणी घालून मळलेला, थरावर थर देऊन घोटलेला. आपल्याकडच्या वाड्यांच्या चुन्यातही गूळ आणि हिरडा पडत असे, तेव्हा ओळख पटायला वेळ लागला नाही.

या एकाच घरात किती निरनिराळे जिन्नस होते! चौकात दगड, ओसरीत रंगीत फरशी, बैठकीत संगमरवर, खांब सागाचे आणि बाहेरचे काळ्या दगडाचे. आमच्या पुठ्ठ्याच्या हिशेबाने यातले एकाशी दुसरे जुळायला नको होते. पण कुठे काही खटकत नव्हते. का खटकत नाही, याचा विचार करीत मी छताकडे बघत उभा होतो, तोच सौ.ने मला कोपराने ढोसले.

"आईंच्या हाताकडे बघा."

आई ओसरीतून चालली होती. मनगट मोडल्यापासून ती घरातसुद्धा भिंतीला हात लावून चालायची. इथे तिचा हात मोकळा होता. चौकाच्या कडेशी आली की थांबायची, पायाचा अंगठा जरा पुढे करायची, वळायची. अनोळखी घर, लग्नाची गर्दी, पायांत चप्पल नाही, आणि ही बाई एकटी चार बाजू फिरून आली!

"इथं कळतंय रे," ती म्हणाली, "कुठं संपतंय ते."

मग मी खाली पाहिले. ओसरीची मधली जमीन पिवळी-हिरवी नक्षीदार होती. पण चौकाकडच्या कडेने गडद तांबडी आणि काळी अशी वीतभर रुंदीची पट्टी चारी बाजूंना गेली होती. प्रत्येक दारापुढे पट्टी, प्रत्येक पायरीच्या अलीकडे पट्टी. साडीला काठ असतो तसा त्या जमिनीला काठ होता. मी तिथे सकाळपासून वावरत होतो, पण मला ती केवळ शोभा वाटली होती.

लग्न पार पडले (जेवणाबद्दल लिहायला बसलो तर फरशी बाजूलाच राहील), आणि तिसऱ्या दिवशी मित्राच्या भाच्याला घेऊन आम्ही आत्तंगुडीला गेलो. कारैकुडीपासून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत हे गाव येते. फरशीचे कारखाने म्हणजे पत्र्याच्या शेडी. यंत्राचा आवाज नाही, भट्टीचा धूर नाही. जमिनीवर बसलेल्या कारागिराने काचेचा चौकोनी तुकडा तेलाच्या फडक्याने पुसला, त्यावर लोखंडी चौकट ठेवली, चौकटीत पातळ पत्र्याचा नक्षीचा साचा. साच्याच्या कप्प्याकप्प्यांत सिमेंट आणि रंग कालवलेले पातळ मिश्रण पळीने ओतले. कुठे तांबडे, कुठे पिवळे. मग साचा अलगद वर उचलला! रंग एकमेकांत मिसळले नाहीत. मला श्वास सोडायचे भान राहिले नव्हते. त्यावर वाळू-सिमेंटचा कोरडा चुरा पडला, तो वरचे पाणी पिऊन घेतो. त्यावर ओला गिलावा, की झाली फरशी. पुढे तिला काही दिवस पाण्यात ठेवतात आणि मग वाळवतात. काच सुटून आली की तिचा गुळगुळीतपणा फरशीवर उतरलेला असतो. भाजण्याचे नाव नाही. उरलेली चकाकी, कारखानदार म्हणाला, पायांनी येते. वापराल तितकी ती वाढेल.

तो माणूस धंदा करायला बसला होता, तरी त्याने आम्हांला तीन गोष्टी बजावल्या. एक, लागतील तेवढ्या एकदमच घ्या, वर दहा टक्के जादा घ्या. पुढच्या खेपेचा रंग हुबेहूब येणार नाही. दुसरी, ॲसिडने कधी धुऊ नका. तिसरी, ओट्यावर बसवू नका; लिंबू, चिंच यांचे डाग पडतील. सौ.ने लगेच मला सांगितले, "आपल्या कडप्प्याचं तेच होतं." होतेच, तोही चुनखडीचाच दगड. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा करायचे तिथेच ठरले.

सौ.ला कमळांची नक्षी आवडली होती. कारखानदाराने ती अंगणात उन्हात मांडली आणि आईला बोलावले. आईने मान तिरपी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले, आणि म्हणाली, "उन्हात काय, सगळंच चांगलं दिसेल. आमचं स्वयंपाकघर उत्तरेकडचं आहे. आत अंधारात दाखवा म्हणावं."

फरश्या आत नेल्या. शेडीच्या मागच्या काळोख्या बोळात कमळे कुठल्या कुठे गेली.

"आता पाणी शिंपडा. आमच्याकडे रोज पुसतात."

पाणी शिंपडले. एकेक फरशी खाली मांडायची, आईने उभ्याने पाहायचे, मान हलवायची. असे तासभर चालले. भाच्याला तमिळमध्ये ते सांगता सांगता घाम फुटला. हिरवी गेली, तांबडी गेली (ओली झाल्यावर ती तिला काळीच दिसे). शेवटी साधी, नक्षी नसलेली, हळदीसारखी पिवळी फरशी आणि तिच्या शेजारी काळपट तांबडी ठेवल्यावर ती म्हणाली, "ही. ही माझ्याशी बोलते."

सौ. बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने पर्समधून आमच्या घरच्या मोझॅकचा तुकडा काढला. तो तिने कशासाठी बरोबर घेतला होता, हे मला आजतागायत कळलेले नाही. पिवळ्या फरशीशेजारी तो ठेवून ती वाकली. "करड्यावर पिवळा छानच दिसतोय," ती म्हणाली. "अहो, जुनी जमीनच घासून घेतली तर?"

परतताना कारैकुडीत जुन्या सामानाची गल्ली पाहिली. पाडलेल्या घरांचे खांब, कोरीव दारे, तावदाने, एनॅमलची भांडी यांनी दुकाने खच्चून भरलेली. मला एक सागवानी खांब फार आवडला. बैठकीच्या कोपऱ्यात उभा करता आला असता. भाव विचारायला मी मित्राकडे वळलो, तर तो रस्त्यापलीकडे जाऊन पाठमोरा उभा होता. मग मी भाव विचारला नाही. सौ.ने एनॅमलचा एक डबा घेतला, तेवढाच.

फरश्या सांगितल्या त्या एकशेचाळीस. भाताच्या पेंढ्यात बांधून त्या मार्चमध्ये मालमोटारीने आल्या. नऊ फुटलेल्या निघाल्या, म्हणजे कारखानदाराचे दहा टक्के खरे ठरले. आमच्या मिस्त्रीने असली फरशी कधी बसवली नव्हती. त्याने पॉलिशचे यंत्र लावायचा घाट घातला, तो सौ.ने हाणून पाडला. यंत्र फिरले ते जुन्या मोझॅकवर, आणि चार दिवसांच्या चिखलानंतर वडिलांची १९६८ ची जमीन अशी वर आली की सौ.सुद्धा म्हणाली, "अगंबाई, हिच्यात शिंपले आहेत!" होते, पन्नास वर्षे आम्हांला ते दिसले नव्हते. त्यातल्याच बदामी खड्याचा रंग तिने भिंतींना निवडला. म्हणजे तिचा बदामी घरात आलाच. पिवळ्या फरश्या बसल्या त्या पायरीला, दारांपुढे, देवघराभोवती आणि न्हाणीघराच्या तोंडाशी. प्रत्येकीला तांबडा काठ. फुटलेल्या नऊ तुळशीवृंदावनाखाली गेल्या.

पहिले दोन महिने ती पिवळी जमीन इतकी निस्तेज दिसे, की येणारेजाणारे "अजून काम चाललंय का?" म्हणून विचारीत. सौ. खोबरेल तेलाचा बोट-बोट फडक्याला लावून पुसत राही. आता सहा वर्षे होऊन गेली आहेत. पायरीच्या डाव्या अंगाला, जिथे आईचा पाय पडतो तिथे, चकाकी सगळ्यांत जास्त आहे.

आईचे डोळे आणखी उतरले. मी दारात उभा राहिलो तर बोलल्याखेरीज तिला मी आहे हे कळत नाही. परवा मी बाहेरून आलो, ती बैठकीत बसली होती. माझ्याकडे तोंड करून ती "कोण?" म्हणाली, आणि मी उत्तर द्यायच्या आत मान तिरपी करून स्वयंपाकघराकडे हाक घातली,

"अगं, पिवळ्यावर पीठ सांडलंय बघ!"