दुकान बंद आहे, बाँजूर!

तासभर लंच, वर्षाला पाच आठवडे सुट्टी, रविवारी बाजाराला कुलूप... फ्रेंच माणूस आळशी की हुशार? पॅरिसचं तिकीट काढण्याआधी हा फंडा क्लिअर करून घ्या!

पॅरिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेली पोस्टकार्डं येतात. आयफेल टॉवर, परफ्यूम, छत्रीखाली बसलेलं एखादं जोडपं. पण टॉवर बघून खाली उतरलात की खरा फ्रान्स सुरू होतो, आणि तो पहिल्याच आठवड्यात झटका देतो. छोट्या गावात दुपारी साडेबाराला दुकानात जा : बंद. रविवारी संध्याकाळी दूध आणायला निघा : बंद. ऑगस्टमध्ये कोपऱ्यावरच्या बेकरीत जा : दारावर हाताने लिहिलेला कागद, 'वार्षिक सुट्टी, सप्टेंबरात भेटू'.

पुणेकर वाचकांना इथे अगदी माहेरी आल्यासारखं वाटेल! 'दुपारी १ ते ४ बंद' या पाटीवर आपण आयुष्यभर विनोद केले. फ्रान्समध्ये तशाच पाटीच्या मागे कायदा उभा आहे आणि जवळजवळ नव्वद वर्षांचा इतिहास.

परदेशी माणूस वैतागून म्हणतो, 'काय आळशी लोक आहेत!' पण जरा थांबा. हा देश जगातल्या पहिल्या दहा अर्थव्यवस्थांपैकी एक आहे. एअरबसची विमानं तुलूझमध्ये जोडली जातात, टीजीव्ही ही सुपरफास्ट ट्रेन १९८१ पासून धावतेय, विजेचा मोठा वाटा अणुऊर्जेतून येतो. नुसत्या आळसावर हे जमत नाही. मग भानगड काय आहे?

आधी बाँजूर, मग काम

सुरुवात दुकानाच्या दारापासून करू. आत शिरलात की पहिला शब्द 'बाँजूर'. शक्यतो पुढे 'मादाम' किंवा 'मस्यू' जोडून. तो न म्हणता थेट 'दोन क्रोसाँ द्या' म्हणालात, तर समोरचा चेहरा गार पडलाच म्हणून समजा. पर्यटक परत येऊन सांगतात, 'फ्रेंच लोक जाम उद्धट.' आणि तो दुकानदार घरी जाऊन सांगत असतो, 'परदेशी लोक जाम उद्धट!'

कारण साधं आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक म्हणजे राजा. तिथे दुकान ही दुकानदाराची जागा आणि तुम्ही तिच्यात आलेले पाहुणे. दुसऱ्याच्या घरात शिरताना आपण नमस्कार करतो, तसंच हे. बसमध्ये चढताना ड्रायव्हरला बाँजूर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या अनोळखी मंडळींना बाँजूर. निघताना 'ओ रव्वार'. संध्याकाळ झाली की बाँजूरच्या जागी 'बाँस्वार'.

दुसरी गोष्ट इंग्रजांना शिकायला जड जाते, आपल्याला मुळीच नाही : 'त्यू' आणि 'व्हू'. म्हणजे आपलं तू आणि तुम्ही. फरक एवढाच, की आपण वय आणि नातं बघतो, ते ओळख बघतात. घरात आई-वडील दोघांनाही 'त्यू' चालतं, ऑफिसात सहकाऱ्यांशी आणि कित्येकदा बॉसशीही 'त्यू' असतं. पण कॅफेतला वीस वर्षांचा वेटर मात्र 'व्हू', अगदी तुम्ही पन्नाशीचे असलात तरी. 'ए, इकडे ये' हा प्रकार तिथे विसरायचा. हात वर करून 'सिल व्हू प्ले' म्हणायचं आणि वाट बघायची.

लंच म्हणजे लंच

आपण काय करतो? डाव्या हातात सँडविच, उजव्या हातात माउस. फ्रान्समध्ये हे नुसतं वाईट दिसत नाही, तर नियमातही बसत नाही. काम करण्याच्या जागेतच कर्मचाऱ्यांना जेवू देणं तिथल्या कामगार कायद्याला मंजूर नाही. कोविडच्या काळात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, सरकारने हा नियम तात्पुरता सैल केला, तेव्हा 'आता डेस्कवर जेवायला परवानगी' ही जगभरात बातमी झाली.

म्हणून दुपारी बाराच्या सुमाराला ऑफिसं रिकामी व्हायला लागतात. कोणी कँटीनमध्ये, कोणी कोपऱ्यावरच्या बिस्त्रोत. बाहेर फळ्यावर खडूने 'फॉर्म्युल' लिहिलेला असतो : स्टार्टर आणि मेन डिश, किंवा मेन डिश आणि डेझर्ट, ठरलेल्या पैशांत. बिल बऱ्याचदा कुपनने दिलं जातं. १९६७ पासून कायद्याच्या चौकटीत असलेल्या या कुपनाचा निम्मा ते साठ टक्के खर्च कंपनी उचलते. ओळखीचं वाटतंय? आपल्या ऑफिसांत वर्षानुवर्षं फिरलेली सोडेक्सोची कुपनं आठवा. ती कंपनी मूळची मार्सेची, १९६६ साली सुरू झालेली. त्यांचा कुपनांचा धंदा आता 'प्लक्सी' या वेगळ्या नावाने चालतो. थोडक्यात, कुपन आपण फ्रान्सकडून घेतलं, पण त्याच्यासोबतचा तासभर मात्र तिकडेच राहिला!

टेबलावरही क्रम ठरलेला. चीज डेझर्टच्या आधी, कॉफी सगळ्यात शेवटी. ब्रेड प्लेटमध्ये नाही, थेट टेबलावर ठेवतात. आणि तुम्ही मागितल्याशिवाय बिल येत नाही. वेटर विसरलेला नसतो, न मागता बिल आणणं म्हणजे 'उठा आता' म्हणण्यासारखं. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंच जेवणाला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यात कौतुक एखाद्या रेसिपीचं नव्हतं, माणसांनी एकत्र बसून, क्रमाने, चवीने जेवण्याच्या रीतीचं होतं. बगेत बनवण्याची कला त्या यादीत आली २०२२ मध्ये.

सुट्टी आकाशातून पडली नाही

हे सगळं फ्रेंच माणसाच्या रक्तातच आहे असं वाटत असेल, तर १९३६ मध्ये चला. त्या वर्षी मे-जूनमध्ये देशभर संप पेटले. कामगारांनी नुसतं काम थांबवलं नाही, ते कारखान्यांतच मुक्काम ठोकून बसले. पंतप्रधान लेऑं ब्लूम यांच्या सरकारने चाळीस तासांचा आठवडा आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी सुट्टी मंजूर केली. त्याच उन्हाळ्यात रेल्वेच्या तिकिटावर कामगारांना ४० टक्के सवलत मिळाली. सायकलवर, ट्रेनने माणसं निघाली. कित्येकांनी त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

पुढे १९५६ मध्ये तिसरा आठवडा, १९६९ मध्ये चौथा, १९८२ मध्ये पाचवा. २००० पासून मोठ्या कंपन्यांना ३५ तासांचा आठवडा लागू झाला. पण गैरसमज नको : ३५ तास ही कामाची कमाल मर्यादा नाही, तिथून ओव्हरटाइम मोजायला सुरुवात होते. बऱ्याच मॅनेजर मंडळींचा हिशेब तासांत नसून दिवसांत असतो, वर्षाला २१८ दिवस. पॅरिसमध्ये रात्री आठला दिवे लागलेली ऑफिसं भरपूर दिसतील.

आपल्यासाठी भारी गोष्ट वेगळीच आहे. तिथे सुट्टी सहसा एनकॅश करता येत नाही, नोकरी सोडतानाचा हिशेब सोडून. उन्हाळ्याच्या मोसमात सलग दोन आठवडे तरी घ्यायचेच. म्हणजे सुट्टी ही विकायची वस्तू नाही! गुरुवारी सण आला की शुक्रवार टाकून चार दिवस मोकळे करायचे, याला ते 'पूल बांधणं' म्हणतात. मे महिन्यात असे पूल इतके, की एखादं काम तेव्हा अडलं तर जूनमध्येच बोला.

१ जानेवारी २०१७ पासून 'डिस्कनेक्ट होण्याचा हक्क'ही कायद्यात आला. त्याने रात्रीच्या ईमेलवर बंदी घातलेली नाही. पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपनीने कर्मचाऱ्यांशी बसून या विषयावर बोलणी करायची, एवढंच. आणि २०२२ मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा एका कर्मचाऱ्याची बाजू घेतली, ज्याने ऑफिसच्या सक्तीच्या 'फन'मध्ये, म्हणजे ड्रिंक्स पार्ट्या वगैरेत सामील व्हायला नकार दिला होता. टीम आउटिंगला कंटाळलेल्यांनी हे कात्रण जपून ठेवावं!

ऑगस्टची किंमत

गणपतीला चाकरमानी कोकणात निघतात तेव्हा मुंबई-गोवा हायवेचं जे होतं, ते जुलैच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या फ्रान्सचं होतं. जुलैची सुट्टी संपवून येणारे आणि ऑगस्टची घ्यायला निघालेले एकाच वेळी रस्त्यावर! यासाठी १९७६ पासून 'बिझाँ फ्युते' नावाची सरकारी सेवा आहे. ती दिवसांना रंग देते : हिरवा, नारिंगी, लाल आणि सगळ्यात वाईट काळा. पॅरिसच्या बेकऱ्यांनी जुलै आणि ऑगस्ट वाटून घ्यायचे, म्हणजे शहर ब्रेडविना राहू नये, असा जुना नियमही होता. तो २०१५ मध्ये सैल झाला.

पण या मोकळ्या ऑगस्टला एक काळी बाजू आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये भयंकर उष्णतेची लाट आली आणि सुमारे १५ हजार माणसं गेली. बहुतेक म्हातारी. अनेकजण घरात एकटे, पोरं सुट्टीवर, शेजारी सुट्टीवर, हॉस्पिटलांत माणसं कमी. पॅरिसमध्ये ५७ मृतदेहांवर दावा सांगायला कुणीच आलं नाही. सप्टेंबरमध्ये त्यांचं दफन झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष शिराक स्वतः हजर होते. देश हादरला.

उपाय काय काढला? सुट्टी रद्द केली नाही. २००४ मध्ये 'एकजुटीचा दिवस' आला : वर्षातून एक दिवस जादा पगाराशिवाय काम करायचं आणि कंपन्यांनी त्यापोटी द्यायचा पैसा वृद्ध आणि अपंगांच्या सेवेसाठी. नगरपालिका एकट्या वृद्धांच्या नावांची यादी ठेवू लागल्या आणि उन्हाच्या लाटेत त्यांना फोन जाऊ लागले. सुट्टी घ्यायची, पण मागे कोण राहिलंय ते बघून.

त्यानंतरही भांडण सुरूच आहे. २०२३ मध्ये निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचं ठरलं, तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. २०२५ मध्ये पंतप्रधान बायरू यांनी दोन सार्वजनिक सुट्ट्या काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. सप्टेंबरमध्ये त्यांचंच सरकार पडलं आणि नव्या पंतप्रधानांनी तो प्रस्ताव सोडून दिला.

आपली सुट्टी, दुसऱ्याची सुट्टी

आता मुद्द्यावर येऊ. फ्रान्समध्ये सुट्टी टिकते ती नुसत्या कायद्याने नाही. गिऱ्हाईक गैरसोय सहन करतं म्हणून टिकते. रविवारच्या आठवडी सुट्टीचा कायदा १९०६ चा. आजही किराणा दुकानांतले नोकर रविवारी साधारण दुपारी एकपर्यंतच कामावर. त्यानंतर काही सुपरमार्केट कॅशियरशिवाय, नुसत्या मशीनवर चालतात.

याचा अतिरेकही होतो. २०१८ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या एका गावातल्या बेकरला ३००० युरो दंड झाला. गुन्हा काय? आदल्या उन्हाळ्यात त्याने आठवड्याचे सातही दिवस दुकान उघडं ठेवलं! गावकरी त्याच्याच बाजूने होते. २०१५ च्या कायद्याने पर्यटकांच्या भागात रविवारची दुकानं बरीच मोकळी केली. अॅपवरून जेवण पोचवणारे सायकलस्वार पॅरिसमध्येही रात्री फिरतात, आणि त्यांतले अनेकजण बाहेरच्या देशांतून आलेले असतात. ३५ तासांचं सुख त्यांच्या वाट्याला येत नाही. तरीही मार्च २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने मिनिटांत किराणा पोचवणाऱ्यांच्या बंद गाळ्यांना 'ही दुकानं नव्हेत, गोदामं आहेत' असं ठरवलं आणि पॅरिस शहराला त्यांना आवर घालायला बळ मिळालं.

आपण रात्री अकराला दहा मिनिटांत आइस्क्रीम मागवतो, आणि साडेअकराला बॉसचा मेसेज आला की चिडतो. फ्रेंच माणूस म्हणेल, अहो, या दोन्ही एकाच गोष्टी आहेत! 'माझ्यासाठी कायम उघडं राहा' असं आपण दुसऱ्याला सांगितलं, की आपल्यालाही कुणीतरी तेच सांगणार.

जाणार असाल तर...

- कुठेही शिरताना बाँजूर. प्रश्न नंतर.
- जेवण साधारण १२ ते २ या वेळेत उरका. तीनला बऱ्याच किचनला कुलूप असतं. रात्रीचं जेवण सातच्या आधी शोधू नका.
- कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली तर बहुतेक ठिकाणी स्वस्त पडते.
- जेवताना 'कराफ दो' मागा. नळाचं पाणी फुकट मिळतं, बाटलीचे पैसे पडतात.
- सर्व्हिस चार्ज बिलातच असतो. टिप द्यायची तर खुशीने, थोडी.
- १ मे ला सगळं बंद गृहीत धरा.
- आणि दारावर 'फेर्मे' अशी पाटी दिसली, तर वैतागू नका. आतला माणूस जेवतोय. तुम्हीही जेवून या!