अठरा ग्रॅमचं दळण

शाळेत असताना घरातलं एक काम कायमचं माझ्याकडे होतं. दळण. डबा उचलला, की मागून आईची ठरलेली सूचना यायची, "ज्वारी ज्वारीवरच टाकायला सांग. आणि बारीक हवी म्हणावं." गिरणीत डब्यांची रांग असायची. माझ्या आधी कुणाचा गहू झाला असला, तर माझा डबा मागे सरकायचा आणि पुढचा ज्वारीवाला येईपर्यंत मी पट्ट्याची फटफट ऐकत उभा. गिरणीवाले काका पीठ पडायच्या कापडी बाहीखाली हात घालायचे, चिमूटभर पीठ अंगठ्यानं चोळायचे आणि चाक एवढंसं फिरवायचे. गिरणीचा आवाज बदलायचा. परतताना डबा इतका गरम असायचा, की थंडीत मी तो पोटाशी कवटाळून सावकाश घरी यायचो.

पन्नाशीत पुन्हा दळणाच्या फेऱ्यात सापडेन असं वाटलं नव्हतं. आता रांग माझ्या एकट्याची आहे, गिरणी ओट्यावर आहे आणि दळण अठरा ग्रॅमचं.

एस्प्रेसो हा शब्द आमच्या पिढीला लग्नात भेटला. मांडवाच्या कोपऱ्यात पिंपासारखं एक चकचकीत यंत्र असायचं. त्याची नळी दुधाच्या भांड्यात बुडवली, की सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा खर्रर्र आवाज व्हायचा. त्यातून फेसानं काठोकाठ भरलेला कप यायचा आणि वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली. आमच्या लेखी जो फेस, तीच एस्प्रेसो. त्यात कॉफी होती ती चमचाभर झटपट पावडर, बाकी सगळी वाफेची आणि दुधाची करामत, हे कळायला बरीच वर्षं गेली. तो फेस घरी हवा असेल, तर कपात पावडर, साखर आणि पाण्याचे चार थेंब घालून हात दुखेपर्यंत फेटायचं. फेटलेली कॉफी हा परीक्षेच्या दिवसांतला एक व्यायामच होता.

खरी एस्प्रेसो म्हणजे दोन घोटांची, दाट, बिनदुधाची कॉफी, हे समजल्यावर मी उतावीळपणे एक लहान यंत्र आणलं. खोक्यावर सोनेरी सायीचा कप छापलेला होता. आत फक्त एक बंद टाकी. पाणी उकळायचं आणि वाफ तेच पाणी कॉफीतून पुढे रेटायची. कपात उतरलं ते काळं, करपट आणि पाणचट. एकाच वेळी करपट आणि पाणचट कसं होता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा चाखलं. निम्मा दोष माझा होता. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची पूड मी त्यात बिनदिक्कत भरली होती.

नकळत मी एस्प्रेसोच्या इतिहासाची पहिली इयत्ता पुन्हा गिरवत होतो. तुरिनच्या आंजेलो मोरिओंदोनं १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचं पेटंट घेतलं, मिलानच्या लुइजी बेत्सेरानं १९०१ मध्ये त्यात सुधारणा करून गिऱ्हाइकासमोर एकेक कप काढण्याची सोय केली. पण ढकलणारी वाफच होती. वाफेचा दाब वाढवायचा तर पाणी आणखी तापवायचं, आणि पाणी तापलं की कॉफी करपते. ही गाठ सोडवली मिलानच्याच अकिल्ले गाज्जानं. त्यानं वाफेला रजा दिली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्प्रिंगच्या दट्ट्याचं यंत्र बाजारात आणलं. दांडा ओढायचा, स्प्रिंग दाबली जायची आणि सुटताना गरम पाण्याला कॉफीतून रेटायची. तेव्हा पहिल्यांदा कपावर तांबूस साय धरली. ती दुधाची नव्हती, कॉफीचीच होती. १९६१ मध्ये फाएमा कंपनीनं दट्ट्याच्या जागी विजेचा पंप बसवला आणि त्या वर्षीच्या सूर्यग्रहणावरून यंत्राचं नाव ठेवलं ई ६१. आजही कित्येक घरगुती यंत्रांच्या तोंडाशी तोच पितळी गोळा आहे.

या सगळ्याचा मथितार्थ एका आकड्यात मावतो, नऊ बार. तीस मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी आहे आणि तिचा नळ तळमजल्यावर आहे असं समजा. त्या नळाला जेवढा जोर असेल, साधारण तेवढ्या जोरानं पाणी मूठभर कॉफीवर आदळतं. मोका पॉट, म्हणजे बियालेत्तीनं १९३३ मध्ये काढलेलं ते आठकोनी ॲल्युमिनियमचं भांडं, यात एक-दीड बार मिळतो. कॉफी झकास होते, पण ती एस्प्रेसो नव्हे.

एवढा जोर असलेलं पाणी असतं मात्र आळशी. कॉफीच्या थरात कुठे केसाएवढी फट दिसली, की सगळं तिथूनच पळतं. त्या वाटेवरची कॉफी ओरबाडली जाते आणि बाजूची कोरडीच राहते. माझ्या पहिल्या कपातलं कडूपण आणि पाणचटपण एकत्र कसं नांदत होतं, याचं निम्मं उत्तर इथे होतं. पाण्याला सोपी वाट मिळू द्यायची नाही, यासाठीच सगळा खटाटोप. आणि ती वाट बंद होते दळणानं. मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. थोडं पीठ, थोडा रवा, थोड्या कण्या. दात्यांच्या दोन पोलादी चकत्यांमधून गेलेलं दळण एकसारखं उतरतं, अगदी जात्यासारखं. डाळ भरडायची तर जात्याची वरची तळी जरा उचलून घेतात आणि पिठाला खाली बसू देतात. माझ्या ग्राइंडरची कडी तेच करते, फक्त केसाच्या जाडीच्या हिशेबानं.

म्हणून कुणी विचारलं, "कुठलं मशीन घेऊ?" की मी म्हणतो, आधी गिरणी घ्या. बजेट शंभर रुपयांचं असेल, तर चाळीस-पन्नास ग्राइंडरवर घालायला कचरू नका. हात दुखायची तयारी असेल, तर पोलादी दात्यांचा चांगला हातग्राइंडर कमी पैशांत मोठ्या विजेच्या ग्राइंडरची बरोबरी करतो. खोक्यावरच्या "पंधरा बार"ला भुलू नका. तो पंपाचा कमाल जोर झाला, कॉफीला नऊच लागतात. स्वस्त यंत्रांत दुहेरी तळाची गाळणी येते. तिच्या तळाला एकच बारीक भोक असतं आणि कसल्याही दळणावर ती फेस काढून देते. तो फेस पुन्हा लग्नातलाच. सोबत एकेरी तळाची गाळणी मिळते का, ते बघा. रोज चार जणांची दुधाची कॉफी होणार असेल, तरच दोन बॉयलरचा खर्च करा. एका बॉयलरच्या यंत्रात कॉफी झाल्यावर वाफेसाठी मिनिटभर थांबावं लागतं, एवढंच. आणि वजनकाटा हवा, दशांश ग्रॅम दाखवणारा. पाण्याचंही बघा. बोअरवेलचं जड पाणी यंत्राच्या पोटात पांढरा थर धरतं आणि तो मग लिंबूसत्वानं धुवावा लागतो.

सकाळी उठल्याबरोबर यंत्र सुरू करतो. पितळ तापायला वीस मिनिटं लागतात. तोवर बिया मोजतो. १७.९ भरल्या, एक बी आणखी, १८.०. दळण दांडेवाल्या गाळणीत, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये पाडतो. बुचात ॲक्युपंक्चरच्या चार सुया खोचून मी एक अवजार केलंय, त्यानं गुठळ्या मोडत दळण सारखं करतो. मग टँपरनं वरून सरळ दाबतो. ताकद दाखवायची नसते, तिरकं मात्र होऊ द्यायचं नाही. कळ दाबल्यावर पाच-सात सेकंद काहीच घडत नाही. मग तळाला काळसर थेंब फुटतात, एकत्र येतात आणि उंदराच्या शेपटीएवढी धार लागते. आधी गडद चॉकलेटी, मग विटकरी, मग पिवळट. काट्यावर ३६ ग्रॅम दिसले, की कप काढायचा. हे २५ ते ३० सेकंदांत व्हावं. पंधरा सेकंदांतच झालं, तर कॉफी आंबट आणि पातळ, म्हणजे दळण बारीक करा. पाऊण मिनिट लागलं, तर कडू आणि तुरट, म्हणजे जाड करा. कडी एका खुणेनं सरकवायची आणि परत करून बघायचं.

हे एकदा जमलं, की कायमचं जमलं असं मात्र नाही. बिया भाजल्यानंतर आठवडाभर त्यांतून वायू निघत असतो, त्यामुळे ताज्या भाजणीची धार भडभडते. चार आठवड्यांनी त्याच बिया मलूल होतात. पावसाळ्यात हवा दमट झाली, की कालची खूण आज चालत नाही. पावसानं आपल्याकडे एक कॉफीही घडवलीय. शिडाच्या जहाजांतून मलबारची कॉफी युरोपात पोहोचेपर्यंत महिने जायचे. समुद्राच्या ओलीनं बिया फुगायच्या, पिवळ्या पडायच्या, आंबटपणा गमवायच्या. प्रवास जलद झाला आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना ती चव आठवू लागली. म्हणून आता किनाऱ्यावरच्या गोदामांत बिया पसरून त्यांना मुद्दाम मोसमी वारा देतात. हीच मॉन्सून्ड मलबार. एस्प्रेसोच्या मिश्रणात ती अंग भरते. भारतीय कॉफी घेण्यात इटली कायम पुढे, आणि आपण मात्र इटलीहून पिशव्या मागवतो. चिकमगळूर, कोडगू तर सोडाच, आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालाही कॉफी पिकते, हे मला यंत्र घेतल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. तिच्या लेखी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, पाहुण्यांची. एका दुपारी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. त्या दिवशी मलबार संपली होती आणि मी चिकमगळूरची नवी पिशवी फोडली होती. सुयांपासून टँपरपर्यंत सगळा विधी तिनं शांतपणे पाहिला. पहिला घोट मी घेतला. तोंड वाकडं झालं. धड ही नाही, धड ती नाही.

"आधी काय दळलं होतंस?" तिनं विचारलं.

ग्राइंडरच्या पोटात मलबारचे ग्रॅम-दोन ग्रॅम अडकून राहिले होते. ज्वारी गव्हावर पडली होती. मी नव्या बियांचे चार दाणे दळून ते टाकायला निघालो.

"टाकतोस काय? तुळशीला घाल."

दुसऱ्या खेपेला धार नीट लागली. २८ सेकंद. तिनं कप नाकाशी नेला, एक घोट घेतला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

"तयारीला किती वेळ लागला?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"आणि व्हायला?"

"अर्धं मिनिटसुद्धा नाही."

"मग भाकरीसारखंच की," ती म्हणाली आणि सहाण काढायला वळली. चमचाभर दुधात तिनं जायफळाचे दोन वळसे उगाळले. तीन का नाहीत, असं विचारलं, तर म्हणाली, "तिसऱ्यानं झोप येते." दशांश ग्रॅमचा काटा शेजारीच पडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मग कप माझ्यापुढे सरकवला. "आता यात थोडं गरम दूध घाल. आणि तो लग्नातला आवाज काढ."